रोवणी संपली की तुरटी का हरते? तलावात येणाऱ्या पावसाच्या पाण्यातील फॉस्फरस आणि दरवर्षीचा एक बिघाड

नाल्यातून तलावात येणाऱ्या पावसाच्या पाण्यात तुरटी सोडून त्यातला फॉस्फरस काढणारी एक छोटी यंत्रणा आम्ही चालवतो. तिच्याबद्दलची तक्रार दरवर्षी जवळजवळ एकाच सुमारास येते. मृगाच्या आणि आर्द्रेच्या सरींमध्ये यंत्रणा चोख चालते, निवळण कुंडातून तलावात उतरणारे पाणी नितळ दिसते, फॉस्फरस तपासणीच्या नळीतला निळा रंग फिका येतो. मग रोवणीची धांदल ओसरते, चार-सहा दिवसांची झड लागते आणि तुरटी तीच, पंप तोच, कुंड तेच असूनही पाण्यातला फॉस्फरस उतरेनासा होतो. पोळ्यापर्यंत वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर फॉस्फरसवर पोसलेल्या शेवाळाची हिरवी साय जमलेली असते. यंत्रणा सांभाळणारा गावातला मुलगा मला विचारतो, "भाऊ, तुरटी तर रोजच सोडतो, मग पाणी हिरवं काऊन होते?"

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर दिले जाते, की मात्रा वाढवा. आम्हीही लागोपाठ दोन हंगाम तेच केले आणि दोन्ही वेळा परिणाम अधिक बिघडला. तिसऱ्या वर्षी पंपाला हात न लावता आधी पाणी मोजायला घेतले, तेव्हा कुठे लक्षात आले की बिघाड यंत्रात नव्हता. जूनमध्ये ठरवलेली एक मात्रा आम्ही ऑगस्टमधल्या निराळ्याच पाण्यावर लादत होतो. नाल्याचे पाणी तासागणिक बदलते. त्याच्यामागे मात्रा बदलली नाही तर ही प्रक्रिया दरवर्षी त्याच जागी अडखळणार, हे माझे आता ठाम मत झाले आहे. ज्यांच्याकडे अशी छोटी यंत्रणा आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून बिघाड शोधण्याचा क्रम येथे सविस्तर लिहितो.

आधी मांडणी सांगतो. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा एक माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना, तलाव आहे. वरच्या बाजूला धानाच्या बांध्या, थोडे सोयाबीन आणि गावाचे गोठे आहेत, आणि या सगळ्यांचे पाणी एका नाल्याने तलावात येते. नाल्यावर ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी व्ही आकाराची खाच असलेली आडवी पाटी, बसवली आहे, तिच्या खाली जेथे पाणी आदळते तेथे तुरटीचे द्रावण पडते आणि पुढे सुमारे १८० घनमीटरच्या कुंडात तुरटीने बांधलेले पुंजके खाली बसतात. पावसाच्या वाहत्या पाण्यावर तुरटीची अशी प्रक्रिया करण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टॅलाहासी येथील लेक एला या तलावावर ती १९८७ मध्ये सुरू झाली. तिकडच्या अनुभवाचा आधार घेता येतो. आकडे मात्र जसेच्या तसे उचलता येत नाहीत, कारण आपली माती, आपला पाऊस आणि आपली वीज निराळी आहे.

तुरटीतील ॲल्युमिनियम विरघळलेल्या फॉस्फेटला बांधून घेते आणि त्याच वेळी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईडचे भुरभुरीत पुंजके तयार होतात, ज्यांत मातीचे सूक्ष्म कण आणि त्यांना चिकटलेला फॉस्फरस अडकतो. कागदावर एका फॉस्फरस अणूला एक ॲल्युमिनियम अणू पुरतो. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट आणि पावसाच्या पातळ पाण्यात त्याहूनही कितीतरी जास्त लागते, कारण गढूळपणा आणि कुजलेला पालापाचोळा तुरटीवर आपला हक्क आधी सांगतात.

पंपाला हात लावण्याआधी दोन बाटल्या भरा

कुंडाच्या सांडव्यावरून एकाच वेळी दोन नमुने घ्यावेत. एक जसाच्या तसा ठेवावा आणि दुसरा तेथल्या तेथे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा. गाळण्याचे काम तालुक्याच्या प्रयोगशाळेवर सोपवू नये, कारण वाटेतल्या चार तासांत बाटलीतले पुंजके उरलेला फॉस्फरस पकडत राहतात आणि नाल्यावर जे घडले नव्हते ते बाटलीत घडून जाते. गाळलेल्या नमुन्यात विरघळलेला फॉस्फरस मोजावा. न गाळलेल्या नमुन्यात आम्लाने पाचन करून एकूण फॉस्फरस मोजावा.

या दोन आकड्यांनी अर्धा शोध संपतो. गाळलेल्या नमुन्यातही फॉस्फरस जास्त असेल तर रसायनाची बाजू चुकते आहे. मात्रा, पीएच, क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद), द्रावणाची तीव्रता किंवा मिसळण यांपैकी कशात तरी दोष आहे. गाळलेल्यात तो कमी आणि न गाळलेल्यात जास्त असेल तर तुरटीने तिचे काम केलेले आहे, पण पुंजके खाली बसण्याऐवजी वाहून जात आहेत. अशा वेळी दोष कुंडात शोधावा. दोन्ही आकडे कमी असूनही तलाव हिरवा होत असेल तर फॉस्फरस दुसऱ्या वाटेने येतो आहे. आम्ही पहिली दोन वर्षे फक्त न गाळलेला नमुना तपासत होतो, आणि म्हणूनच रसायनाचा दोष व कुंडाचा दोष आम्हाला सारखेच दिसत होते.

प्रयोगशाळा दूर असेल तर बादलीची चाचणी तरी करावी. तुरटी मिसळल्यावर लगेचच्या जागी एक बादली भरावी आणि सावलीत, धक्का न लावता अर्धा तास ठेवावी. बादलीतले पाणी निवळले आणि कुंडातले निवळले नाही, तर रसायन बरोबर आहे. बादलीतलेही निवळले नाही, तर पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा.

क्षारता: झडीतला खरा चोर

तुरटी पाण्यात पडली की आम्ल तयार होते आणि ते आम्ल पाण्यातील क्षारता खाऊन टाकते. प्रति लिटर १ मिलिग्रॅम तुरटीला सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता लागते, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबातली क्षारता. हे एवढे प्रमाण लक्षात ठेवले तर झडीतला बिघाड उलगडतो.

समजा, जूनमध्ये जार टेस्ट करून, म्हणजे त्याच पाण्याच्या काही भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहून, प्रति लिटर ८० मिलिग्रॅम तुरटी ठरवली आणि त्या दिवशी नाल्याच्या पाण्याची क्षारता १२० होती. तुरटीने ४० घेतले, ८० उरले, पीएच ७ च्या आसपास राहिला, पुंजके छान बांधले गेले. आता ऑगस्टची झड घ्या. जमीन तृप्त झालेली आहे, वरचे क्षार धुऊन गेले आहेत आणि नाल्यात जे वाहते आहे ते जवळजवळ पावसाचेच पाणी आहे. समजा त्याची क्षारता ४० वर आली. तीच ८० मिलिग्रॅम तुरटी आता सगळीच्या सगळी क्षारता संपवते आणि पीएच ५ च्याही खाली घसरू शकतो. ॲल्युमिनियम सर्वांत कमी विरघळते ते पीएच ६ ते ६.५ च्या आसपास. ५.५ च्या खाली ते पुंजके बांधण्याऐवजी पाण्यातच विरघळून राहते, फॉस्फेटही नीट बांधले जात नाही आणि पाणी दुधट दिसू लागते. त्या दुधट पाण्याकडे पाहून माणूस म्हणतो की तुरटी कमी पडली. तो मात्रा वाढवतो, पीएच आणखी घसरतो आणि पाणी आणखी दुधट होते. दोन हंगाम आम्ही हेच केले.

यात मला सर्वांत जास्त खटकते ती मासळीची गोष्ट. विरघळलेले ॲल्युमिनियम आम्लधर्मी पाण्यात माशांच्या कल्ल्यांना इजा करते. तलाव ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेला असतो आणि नाल्याच्या तोंडाशीच बोटुकली चरायला येते. फॉस्फरस काढण्याच्या नादात कोणाच्या वर्षभराच्या कमाईवर आम्ल सोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून आमच्याकडे एक नियम आता पक्का आहे. मिसळणीनंतरचा पीएच ६ च्या खाली गेला की द्रावण बंद करायचे, फॉस्फरसचा आकडा काहीही असो.

क्षारता मोजणे अवघड नाही आणि ते गावातच व्हायला हवे. १०० मिलिलिटर पाण्यात मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडावे. पिवळा रंग नारिंगी होताच थांबावे. जितके मिलिलिटर आम्ल लागले त्याला १० ने गुणले की प्रति लिटर मिलिग्रॅममध्ये क्षारता मिळते. दहावी झालेला कोणताही मुलगा हे दहा मिनिटांत करू शकतो. या आकड्यातून तुरटीच्या मात्रेचा अर्धा भाग वजा करावा. उरलेली क्षारता ३० च्या वर राहिली पाहिजे, असा आम्ही स्वतःपुरता दंडक घातला आहे.

वजाबाकीत ती कमी पडत असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, मात्रा कमी करणे. झडीतले पाणी पातळ असल्याने पुष्कळदा कमी मात्रेतही काम भागते आणि जार टेस्टने ते पडताळता येते. दुसरा, क्षारता बाहेरून देणे. विरलेला चुना दिला तर १ मिलिग्रॅम क्षारतेसाठी पाऊण मिलिग्रॅम पुरतो, पण चुना जरा जास्त झाला की पीएच उडी मारून ८.५ च्या वर जातो आणि तेथे ॲल्युमिनियम दुसऱ्या रूपात पुन्हा विरघळते. खाण्याचा सोडा महाग पडतो, १ मिलिग्रॅम क्षारतेला १.७ मिलिग्रॅमच्या जवळपास लागतो, पण तो पीएचला भलतीकडे नेत नाही. चुना द्यायचाच असेल तर तो तुरटीच्या वरच्या बाजूला, मधे पाच-पन्नास पावलांचे अंतर ठेवून द्यावा. दोन्ही एकाच जागी ओतले तर ते एकमेकांनाच खातात. पॉलीॲल्युमिनियम क्लोराईड हे तुरटीसारखेच काम करणारे रसायन तुरटीपेक्षा कमी क्षारता घेते, त्यामुळे ज्यांना ते परवडते आणि नियमित मिळते त्यांनी निदान झडीच्या आठवड्यांसाठी त्याचा विचार करावा.

पश्चिम विदर्भातल्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या त्या भागात, अडचण याच्या नेमकी उलट असू शकते. तेथे क्षारता भरपूर आणि पीएच मुळातच ८ च्या वर असतो, त्यामुळे तुरटी घालूनही तो ७ कडे येत नाही. शिवाय नाल्यातल्या डबक्यांत शेवाळ असेल तर उन्हाच्या वेळी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साईड ओढून घेते आणि दुपारी पीएच ९ पर्यंत चढतो. सकाळी बरोबर बसलेली मात्रा दुपारी निकामी ठरते ती यामुळे. अशा ठिकाणी पीएच दिवसातून एकदा सकाळी मोजून भागत नाही, दुपारचा आकडा घ्यावाच लागतो.

पीएच मीटरबद्दलही थोडे. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की मीटरचा आकडा लवकर स्थिर होत नाही. घाईत घेतलेला आकडा अर्ध्या पीएचने चुकू शकतो. मीटर पीएच ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांत रोज जुळवून घ्यावा, टोक कोरडे पडू देऊ नये आणि नमुन्यात बुडवल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे.

नाला दुप्पट चढला म्हणजे पाणी दुप्पट झाले असे नाही

रसायनाच्या बाजूचा दुसरा मोठा दोष प्रवाहाच्या हिशेबात असतो. आमच्याकडे व्ही-नॉचमधल्या पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवर पाणी १० सेंटिमीटरवरून २० वर गेले की पंपाची गती दुप्पट करायची, असा तोंडी नियम चालत आला होता. ऐकायला तो रास्त वाटतो. पण ९० अंशांच्या व्ही-नॉचमधून जाणारे पाणी उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढते. १० सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० ला सुमारे २५ लिटर आणि ३० ला सुमारे ६८ लिटर. म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक आणि तिप्पट झाली की साडेपंधरा पट. दुप्पट गतीने चाललेला आमचा पंप पुरात गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश तुरटी देत होता आणि पूर ओसरल्यावर गती कमी करायला कोणी नसेल तर ओढ्याएवढ्या पाण्यात पुराची तुरटी पडत होती. एकाच दिवशी दोन्ही चुका घडायच्या.

हिशेब असा बसतो. द्रावण १० टक्क्यांचे, म्हणजे १०० लिटरला १० किलो तुरटी, आणि मात्रा प्रति लिटर ६० मिलिग्रॅम धरली, तर पट्टीवर १० सेंटिमीटर असताना तासाला साडेनऊ लिटर द्रावण लागते, २० ला सुमारे ५३ लिटर आणि ३० ला सुमारे १४७ लिटर. शेवटच्या आकड्यात तासाला जवळजवळ १५ किलो तुरटी जाते. छोट्या डोसिंग पंपाची तेवढी ताकदच नसते, हे खरेदीच्या वेळी पाहिले जात नाही, कारण पंप नेहमी सरासरी प्रवाहावर निवडला जातो आणि आपल्याकडचा पाऊस सरासरीने पडत नाही.

त्यातून विजेचा प्रश्न आहे. ढग गडगडले की गावातली वीज जाते आणि नाला नेमका त्याच वेळी चढतो. ज्या तासात फॉस्फरसचा सर्वांत मोठा लोंढा उतरतो त्या तासात पंप मुका असतो. यावर जनरेटर घेण्याचा सल्ला आम्हाला मिळाला होता, पण मला तो पटला नाही. आम्ही उंचावर एक प्लास्टिकची टाकी ठेवून तिच्यातले द्रावण तरंगत्या गोळ्याच्या व्हॉल्व्हने एका लहान समपातळी टाकीत घेतले आणि त्या लहान टाकीला वेगवेगळ्या मापाच्या तोट्या लावल्या. पट्टीवर पिवळी, निळी आणि लाल खूण आहे. पाणी ज्या खुणेला टेकेल त्या रंगाची तोटी उघडायची. प्रत्येक तोटीचा प्रवाह मोजपात्राने आणि घड्याळाने आधीच ठरवून घेतला आहे. रात्री बारा वाजता कंदील घेऊन गेलेल्या माणसालाही यात हिशेब करावा लागत नाही. तोट्या पितळेच्या घेऊ नयेत. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते, ते पितळ आणि लोखंड कुरतडते आणि सिमेंटची टाकीही काही वर्षांत खडबडीत करून सोडते.

द्रावणाची तीव्रता ही तिसरी जागा. तुरटीच्या ढेपा टाकीत टाकून वरून पाणी भरत राहण्याची सवय नळयोजनांतून आलेली आहे. त्यात सकाळी तळाचे द्रावण दाट आणि संध्याकाळी वर नुसते पाणी, अशी स्थिती असते. ढेप फोडून, वजन करून, पूर्ण विरघळवून आणि कापडातून गाळूनच द्रावण वापरात घ्यावे. घनतामापकाची एक दांडी रोज बुडवून आकडा वहीत लिहावा. तोटी तुंबली की द्रावण कमी पडते हे सर्वांना कळते, पण द्रावण पातळ झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही.

रसायन बरोबर, पण पुंजके तलावात

आता दुसरी फांदी, म्हणजे गाळलेला नमुना चांगला आणि न गाळलेला वाईट. सेकंदाला २५ लिटर पाणी येत असताना १८० घनमीटरच्या कुंडात ते दोन तास थांबते. ६८ लिटर येऊ लागले की पाऊण तासही थांबत नाही. तेही कुंड रिकामे असेल तर. प्रति लिटर १ मिलिग्रॅम ॲल्युमिनियमपासून जवळजवळ ३ मिलिग्रॅम हायड्रॉक्साईड बनते आणि ते इतके फुगलेले, पाणी धरून ठेवणारे असते की दीड महिन्यात कुंडाची निम्मी खोली त्यानेच भरलेली आढळते. मग ऑगस्टचा पूर येतो आणि जून-जुलैत पकडलेला सगळा फॉस्फरस एका रात्रीत उचलून तलावात नेऊन टाकतो. म्हणून पट्टी लाल खुणेच्या वर गेली की जादा पाणी कुंडाच्या बाजूने सोडून द्यावे, असे माझे मत आहे. यावर आक्षेप येतो की प्रक्रिया न केलेले पाणी तलावात जाते. ते जाते हे खरे, पण साठवलेला गाळ उचलून नेणाऱ्या पुरापेक्षा त्यातले नुकसान पुष्कळ कमी आहे.

कुंडाच्या वर साधा गाळ अडवणारा खड्डाही असावा. रोवणीच्या चिखलणीत बांधीतले जे पाणी फुटते त्यातली जाड माती तुरटीशिवायच खाली बसते. तिच्यावर तुरटी खर्च करण्याचे कारण नाही. कन्हारीच्या काळ्या मातीचे बारीक कण मात्र दिवसभर ठेवले तरी बसत नाहीत, तेथे तुरटीला पर्याय नाही.

मिसळण फार जोराची असेल तर बांधलेले पुंजके फुटतात आणि फारच मंद असेल तर ते बांधलेच जात नाहीत. व्ही-नॉचखालच्या धारेत द्रावण पडावे आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे पाणी आडव्या भिंतींमधून सावकाश वळत जावे, एवढे पुरते.

आणि म्हशी. दुपारी गुराखी जनावरे कुंडात डुंबायला सोडतो आणि बसलेला गाळ पुन्हा वर येतो. आमच्या वहीत दुपारी तीनच्या नमुन्यांचे आकडे सकाळपेक्षा वाईट का, हे कोडे आठवडाभर सुटले नव्हते. गुराख्याला दोष देणे योग्य नाही, कारण तलावात जाण्याची जुनी वाट कुंडाने अडवली होती. वाट मोकळी करून दिली आणि कुंडाला काटेरी कुंपण केले, तेव्हा आकडे जुळले.

आकडा नेमका कशाचा?

बिघाड नसतानाही बिघाड दिसण्याचे एक कारण कागदावर असते. काही अहवाल फॉस्फेटचा आकडा देतात, काही फॉस्फरसचा. फॉस्फेटच्या आकड्याला ३.०७ ने भागले की फॉस्फरसचा आकडा मिळतो. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून पाणी तिप्पट बिघडल्याचा निष्कर्ष काढल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. खताच्या पोत्यावर आणखी तिसरेच माप, फॉस्फरस पेंटॉक्साईड, छापलेले असते. बाटल्या कपड्यांच्या पावडरने धुतल्या असतील तर त्यातला फॉस्फेटही नमुन्यात उतरतो. बाटली विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी.

कोणत्या आकड्याला चांगले म्हणायचे, हाही प्रश्न नियमनाचाच आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार भूपृष्ठावरील पाण्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात विरघळलेला फॉस्फेट, फॉस्फरसच्या मापात, प्रति लिटर ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि पीएच ५.५ ते ९ चालतो. या मर्यादेत बसलो म्हणून समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तलावात एकूण फॉस्फरस ०.०३ मिलिग्रॅमच्या वर गेला की शेवाळाला तो पुरेसा होऊ लागतो. दोन्ही आकड्यांत दीडशे पटींहून अधिक अंतर आहे. पीएचचेही तसेच आहे. नियमात ५.५ बसतो, पण तुरटीच्या पाण्याला मी ६ ची खालची आणि ७.५ ची वरची मर्यादा धरतो. सांडव्यावरचे ॲल्युमिनियमही महिन्यातून एकदा तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये ते प्रति लिटर ०.०३ मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास ०.२ इतके दिले आहे. तलावाच्या काठच्या विहिरींचे पाणी लोक पितात, हे विसरता येत नाही.

यंत्रणा बरोबर, तरी तलाव हिरवा

नाल्याशिवाय दुसरे पाणी कोठून येते हे पावसात छत्री घेऊन पाळेवरून चालून पाहावे. पांदण रस्त्याच्या कडेने येणारी एखादी चारी आणि गोठ्यांमागचा उतार हमखास सापडतो. तळातला जुना चिखल हेही एक कारण आहे. त्यात लोहाशी बांधलेला फॉस्फरस असतो आणि तळाचा प्राणवायू संपला की तो सुटून वर येतो. त्यावर नाल्यातली तुरटी काही करू शकत नाही.

शेताकडचा हिशेब मात्र प्रत्येक बैठकीत मांडावा असा आहे. डीएपी या खताच्या ५० किलोच्या पोत्यात सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. तेवढा विरघळून तलावात उतरला तर ३ लाख ३० हजार घनमीटर पाणी, म्हणजे १० हेक्टरचा सव्वातीन मीटर खोल तलाव, ०.०३ मिलिग्रॅमच्या रेषेवर आणण्यास तो पुरेसा आहे. तोच फॉस्फरस दुप्पट ॲल्युमिनियमच्या हिशेबाने पकडायचा म्हटले तर कमीत कमी २०० किलो तुरटी लागते. आभाळ भरून आलेले असताना बांधीत फेकलेले खत पाण्यासोबत नाल्याला लागते. तेच चिखलणीत मातीखाली गाडले आणि त्यानंतर बांधीचे पाणी काही दिवस फुटू दिले नाही, तर शेतकऱ्याचे पैसे शेतात राहतात आणि आमची तुरटी वाचते. आमच्या वरच्या बांध्यांच्या मालकांना हे आम्ही पोत्याचे वजन आणि तुरटीच्या ढेपा समोर ठेवून दाखवले. त्यानंतर खत टाकायच्या दिवशी ते मला आधी कळवतात आणि मी त्या दिवशी तोट्यांवर माणूस ठेवतो.

उन्हाळ्यात कुंड कोरडे पडते तेव्हा तळाशी राखाडी, तडे गेलेला थर उरतो. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे तलावाचा गाळ वावरात नेण्याची चांगली सवय लागली आहे, त्यामुळे शेतकरी हाही गाळ मागतात. तो देऊ नये. त्यातले ॲल्युमिनियम मातीतल्या फॉस्फरसलाही बांधून ठेवते, म्हणजे पिकाला घातलेले खतही अडकते. आम्लधर्मी हलक्या जमिनीत तर ॲल्युमिनियम मुळांनाच बाधते. वरच्या खड्ड्यातली जाड माती, जिला तुरटी लागलेलीच नाही, ती खुशाल न्यावी. कुंडातला थर आम्ही वेगळा काढून तलावाच्या पाळेपासून दूर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा पड जागेवर मुरमाच्या बांधात साठवतो आणि किती ब्रास निघाला ते वहीत लिहितो. यंदा कुंड मेअखेर रिकामे करून घेतले आहे. झडीच्या दिवसांत क्षारता सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजण्यासाठी आम्लाची बाटली, मिथिल ऑरेंज आणि एक जादा ब्युरेट तोट्यांजवळच्या पेटीत ठेवली आहेत.